प्रामाणिक शास्त्रज्ञाचा अन्याय

जो मनुष्य जाणूनबुजून खोटें बोलतो, त्याच्या दोषाविषयीं नीतिशास्त्राला फारशी अडचण पडत नाहीं. अडचण पडते ती दुसऱ्याच एका मनुष्याविषयीं. हा मनुष्य खोटें बोलत नाहीं, आंकडे बनवीत नाहीं, प्रतिपक्षाचें म्हणणें दडवीत नाहीं. रात्रंदिवस खपून जें दिसतें तेंच लिहितो. आणि तरीही त्याच्या लेखणींतून असा एक निष्कर्ष बाहेर पडतो कीं, त्यायोगें निम्म्या मनुष्यजातीच्या तोंडावर शाळेचें दार लागावें. अशा मनुष्याला दोष द्यावयाचा कीं नाहीं? त्याच्या हातून चूक झाली एवढेंच म्हणून त्याला सोडून द्यावें, कीं त्याच्या प्रामाणिकपणालाच कोठें तरी छिद्र होतें असें म्हणावें? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत व अमेरिकेंत स्त्रियांच्या बुद्धीविषयीं जें शास्त्र उभें राहिलें, त्याचा इतिहास चाळतांना तो पदोपदीं समोर येतो. त्या इतिहासांत लबाड माणसें थोडीं आहेत. विद्वान्, परिश्रमी व आपल्यापरीनें सत्यनिष्ठ अशींच माणसें फार. म्हणूनच तो वाचण्यासारखा आहे.

या मंडळींत सर्वांत मोठें नांव पॉल ब्रोका याचें. हा पॅरिसचा शस्त्रवैद्य १८२४ सालीं जन्मला व १८८० सालीं वारला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागांत एका विशिष्ट जागीं इजा झाली असतां मनुष्याची वाचा जाते, हें त्यानें १८६१ सालीं एका रुग्णाच्या शवपरीक्षेवरून दाखविलें. ती जागा आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. १८५९ सालीं त्यानें पॅरिस येथें मानववंशशास्त्राचें मंडळ स्थापन केलें. कवटीची पोकळी मोजण्यासाठीं तींत शिशाचे छरे भरीत. परंतु भरणाऱ्याचा हात हलका कीं जड यावर माप बदलतें असें ध्यानांत येतांच, छरे कसे ओतावे, किती दाबावे, याचे बारीकसारीक नियम त्यानें घालून दिले. एवढी काळजी घेणाऱ्या मनुष्याला निष्काळजी म्हणतां येणार नाहीं. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, त्या शास्त्राची थट्टा करणें आज फार सोपें झालें आहे, आणि थट्टेच्या भरांत आपण असें समजून चालतों कीं तीं माणसें मूर्ख होतीं. मूर्ख असतीं तर त्यांच्यापासून शिकण्यासारखें कांहीं उरलें नसतें.

पॅरिसच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या माणसांचे मेंदू ब्रोकानें तोलले. २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी १,३२५ ग्रॅम आली. १४० स्त्रियांची १,१४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅमांचा, म्हणजे शेंकडा चौदाच्या आसपास. आंकडे खरे होते, तराजूही खरा होता. प्रश्न होता तो या फरकाचा अर्थ काय हा. पुरुष सामान्यतः स्त्रीहून उंच व थोराड असतो, आणि मोठ्या देहाला मेंदूही मोठा असतो. तेव्हां या १८१ ग्रॅमांपैकीं देहाचा वांटा किती, हें आधीं काढावयास हवें. ही गोष्ट ब्रोकाला ठाऊक नव्हती काय? चांगली ठाऊक होती. त्यानें तिचा उल्लेखही केला. पण लागलीच त्याचें म्हणणें असें कीं, स्त्री ही पुरुषाहून कांहींशी कमी बुद्धीची असते हें विसरून चालणार नाहीं; म्हणून मेंदूचें लहानपण कांहीं अंशीं देहामुळें आणि कांहीं अंशीं बुद्धीच्या उणेपणामुळें, असें धरावयास हरकत नाहीं. किती अंश कोणाचा, हें मोजण्याच्या खटपटींत तो पडलाच नाहीं. मेंदूच्या वजनावरून बुद्धि ठरवावयाची होती. येथें बुद्धि आधींच ठरली आणि तिच्यावरून वजनाचा अर्थ लागला. आपल्याकडील न्यायशास्त्राचा नवशिका विद्यार्थीही याला साध्यसम हेत्वाभास म्हणेल.

पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें ब्रोकाचेच आंकडे घेऊन तें राहिलेलें गणित केलें. ब्रोकाच्या यादींतील स्त्रिया पुरुषांहून वयानें बऱ्याच मोठ्या होत्या, आणि उतारवयांत मेंदूचें वजन घटतें. उंचीनेंही त्या जवळजवळ अर्धा फूट कमी होत्या. एवढ्या दोनच गोष्टी जमेस धरल्या तों १८१ चे ११३ ग्रॅम झाले. देहाचा थोराडपणा, मृत्यूचें कारण इत्यादि गोष्टींचा हिशेब अद्याप व्हावयाचाच होता.

आतां ब्रोकाच्याच चरित्रांतील दुसरी एक गोष्ट पाहा. १८६१ सालीं पॅरिसच्या त्याच मंडळांत ग्रातिओले नांवाच्या शरीरशास्त्रज्ञाशीं त्याचा मोठा वाद झाला. मेंदूच्या वजनाचा बुद्धीशीं संबंध नाहीं असें ग्रातिओलेचें म्हणणें. आणि त्यानें पुढें केलेला पुरावा मोठा खोंचक होता. हुश्के नांवाच्या जर्मन पंडिताच्या मापांप्रमाणें जर्मनाचा मेंदू फ्रेंचाच्या मेंदूहून सरासरीनें १०० ग्रॅम भारी भरत होता. वजन म्हणजेच बुद्धि असेल तर जर्मन लोक फ्रेंचांहून शहाणे ठरतात. हें कोणता फ्रेंच मनुष्य कबूल करील? ब्रोकानें मुळींच कबूल केलें नाहीं. पण त्यानें काय केलें तें लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे. तो हिशेबाला बसला. जर्मन लोक देहानें मोठे, म्हणून तेवढी वजावट केली. मेलेल्यांचीं वयें पाहिलीं. इतर कारणें एकामागून एक तपासलीं. आणि तो शंभर ग्रॅमांचा फरक बुद्धीचा नव्हे असें दाखवून दिलें. काम उत्तम केलें. शास्त्रज्ञानें असेंच करावयास हवें.

मग जी वजावट जर्मनांच्या वेळीं हाताशीं होती, ती स्त्रियांच्या वेळीं कोठें गेली? माझ्या मतें आरंभीं मांडलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. ब्रोकाचा कैवार घेणारे म्हणतात कीं, तो काळच तसा होता. आजच्या फूटपट्टीनें कालच्या माणसाला मोजूं नये. ही सबब पुष्कळ ठिकाणीं योग्य असते. ज्या काळीं रोगजंतु ठाऊकच नव्हते, त्या काळच्या वैद्यानें हात न धुतां शस्त्रक्रिया केली तर त्याला खुनी म्हणणें हें शुद्ध वेडेपण होय. पण येथें ती सबब लागू पडत नाहीं. ब्रोकाला जें साधन हवें होतें तें पुढच्या शतकांत निघावयाचें नव्हतें. तें त्याच्याच मेजावर, त्याच्याच हस्ताक्षरांत पडलेलें होतें. स्वदेशाचा मान धोक्यांत आला तेव्हां त्याचा संशय खडबडून जागा झाला. स्वतःच्या जातीचा मान वाढतांना दिसला तेव्हां तोच संशय स्वस्थ निजला. संशयाला कोणत्या दारापाशीं जागें ठेवावयाचें आणि कोणत्या दारापाशीं झोंपूं द्यावयाचें, याची निवड मनुष्य नकळत करतो हें खरें. पण तिचा लाभ त्यालाच होतो, आणि म्हणून तिची जबाबदारीही त्याच्यावरच येते. आंकडे खरे सांगणें ही प्रामाणिकपणाची पहिली पायरी झाली. आपल्याला सोयीचा असा निष्कर्ष गैरसोयीच्या निष्कर्षाइतक्याच निष्ठुरपणें तपासणें ही दुसरी पायरी. ब्रोका पहिलीवरच थांबला.

परंतु त्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती मला फार विचार करावयास लावते. मादलेन ब्रेस ही मुलाबाळांची आई पॅरिसच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाली, ती ब्रोकाच्याच हाताखालीं रुग्णालयांत काम करूं लागली. १८७० सालीं प्रशियाशीं युद्ध जुंपलें व रुग्णालयांत माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां तिला सहायक वैद्याची जागा तात्पुरती द्यावी अशी शिफारस ब्रोकानेंच केली, आणि तिच्या कामाविषयीं त्यानें चांगला दाखला दिला. १८७५ सालीं ती डॉक्टर झाली. ही पदवी मिळविणारी ती पहिली फ्रेंच स्त्री. म्हणजे जी स्त्री डोळ्यांसमोर उभी होती, तिच्या बाबतींत या मनुष्यानें न्याय केला. जी कोष्टकांत बसली होती, तिच्या बाबतींत केला नाहीं. सरासरी ही मोठी विलक्षण वस्तु आहे. तिला चेहरा नसतो, ती रात्रपाळी करीत नाहीं, आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीं. म्हणून तिच्यावर अन्याय झाला तरी करणाराला बोंचत नाहीं. पण शाळेचे नियम मात्र त्या सरासरीकडे पाहूनच केले जातात.

ब्रोकाच्या मागून आलेल्यांविषयीं थोडक्यांतच सांगतों. दक्षिण फ्रान्समधील एका प्रागैतिहासिक गुहेंत पुरुषांच्या सात व स्त्रियांच्या सहा कवट्या सांपडल्या होत्या. त्यांतील सरासरी फरक ९९.५ घन सेंटिमीटर भरला. अर्वाचीन लोकांत तो १२९.५ पासून २२०.७ पर्यंत आढळत होता. तेवढ्यावरून अनुमान निघालें कीं, सुधारणा वाढते तसतशी स्त्री मागें पडत जाते! तेरा कवट्यांवर अखिल मानवजातीचा इतिहास. त्यावर तोपिनार या ब्रोकाच्या शिष्यानें कारणही शोधून काढलें: पुरुष जीवनसंग्रामांत लढतो, स्त्री घरीं सांभाळली जाते. याच संप्रदायांतील ग्युस्ताव्ह ल बाँ यानें १८७९ सालीं तर पॅरिसच्या कित्येक स्त्रियांच्या मेंदूंचें नातें पुरुषांपेक्षां गोरिलाशींच जवळचें असल्याचें लिहिलें, आणि मुलींना मुलांसारखें शिक्षण देणें ही घातक कल्पना ठरविली. हाच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत येऊन गेला आणि १८८७ सालीं त्यानें आपल्या संस्कृतींवरही एक जाडजूड ग्रंथ लिहिला. असो.

वजनाचा हा युक्तिवाद टिकवितां टिकवितां पंडितांची जी तारांबळ उडाली ती मोठी बोधप्रद आहे. नुसतें वजन धरलें तर हत्ती व देवमासा आपणां सर्वांना मागें टाकतात. बरें, देहाच्या मानानें वजन धरावें, तर स्त्री पुरुषाच्या बरोबरीस येते, प्रसंगीं थोडी पुढेंही जाते. शिवाय कांहीं चिमुकले पक्षी सर्वांवर ताण करतात. मग मेंदूचा कोणता भाग मोठा तें पाहूं, असें ठरलें. बुद्धीचें स्थान कपाळामागील भागांत आहे असा समज होता तोंपर्यंत तो भाग पुरुषांत मोठा आढळत असे. पुढें तें स्थान डोक्याच्या मधल्या बाजूकडे सरकलें असें मत प्रचलित झालें. आणि आश्चर्य हें कीं, थोड्याच काळांत पुरुषाचा तोच भाग मोठा असल्याचें आढळूं लागलें, व कपाळामागील भाग स्त्रीचा मोठा ठरला. मुक्कामाचें गांव ठरलेलें होतें. रस्ता तेवढा दरवेळीं नवा.

थोर पुरुषांचे मेंदू तोलण्याचीही त्या काळीं हौस होती. क्यूव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाचा मेंदू १,८३० ग्रॅम भरला तेव्हां मंडळी हर्षित झाली; पण १९२४ सालीं वारलेल्या आनातोल फ्रान्सचा केवळ १,०१७ ग्रॅम भरला, आणि तो तर फ्रेंच भाषेचा अलंकार. म्युनिकच्या बिशॉफनें १८७२ सालीं स्त्रियांनीं वैद्यक शिकूं नये असें पुस्तक लिहिलें होतें. मेंदूच्या वजनावर त्याचा मोठाच भर; तो १८८२ सालीं वारला तेव्हां त्याचा स्वतःचा मेंदू १,२४५ ग्रॅम निघाला, म्हणजे पुरुषांच्या सरासरीहून बराच कमी. ही गोष्ट सांगितली कीं लोक हंसतात. मीही हंसलों आहें. तथापि हा युक्तिवाद नव्हे हें ओळखलें पाहिजे. बिशॉफचा मेंदू हलका निघाला म्हणून त्याचें मत चूक ठरत असेल, तर तो जड निघाला असतां त्याचें मत बरोबर ठरलें असतें. म्हणजे हंसतां हंसतां आपणही त्याचाच तराजू हातीं घेतला.

मेंदूचा तराजू डळमळूं लागला त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनें नवा युक्तिवाद आला, आणि त्याचा धागा आपल्या घरापर्यंत पोंचतो. बोस्टनचा डॉक्टर एडवर्ड क्लार्क हा हार्वर्डला अध्यापक होता. १८७३ सालीं त्यानें एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचा सारांश असा कीं, देहांतील शक्ति ठराविक असते. वयांत येणाऱ्या मुलीनें ती अभ्यासांत खर्च केली तर गर्भाशयाला पुरत नाहीं, आणि मुलगी जन्माची रोगी व वांझ होते. पुरावा काय? तर त्याच्याकडे उपचारासाठीं आलेल्या मूठभर मुली. डॉक्टरकडे निरोगी माणूस जात नाहीं, हें डॉक्टरला कोणी सांगावें! पुढल्याच वर्षीं लंडनच्या हेन्री मॉड्स्लीनें त्याची री ओढली, तेव्हां एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टरबाईनें त्याच मासिकांत उत्तर दिलें. गरिबांच्या बायका अंगमेहनतीचीं कामें महिन्याचे तीसही दिवस करतात, त्यांत खंड पडत नाहीं. त्यांच्या प्रकृतीची काळजी या वैद्यांना का वाटत नाहीं, असा तिचा रोख होता. याला उत्तर नव्हतें. पाण्याची घागर उचलल्यानें जी शक्ति खर्च होत नाहीं ती भूमितीचा सिद्धान्त उचलल्यानें संपते, हें जर शास्त्र असेल तर तें मोलकरणीला न लागूं पडणारें शास्त्र आहे.

पण खरें काम केलें तें मेरी पटनम जेकोबीनें. १८७६ सालीं हार्वर्डनेंच, स्त्रियांना मासिक पाळीच्या वेळीं विश्रांति लागते काय, हा विषय बक्षिसाच्या निबंधासाठीं लावला होता. जेकोबीनें स्त्रियांकडे प्रश्नावली पाठविल्या. २६८ जणींचीं उत्तरें आलीं. नाडीचे ठोके यंत्रानें कागदावर उमटवून पाहिले, ताकद मोजली. सामान्य निरोगी स्त्रीला त्या दिवसांत काम थांबविण्याची गरज पडते असें म्हणण्यास आधार नाहीं, असा निष्कर्ष निघाला. निबंध परीक्षकांकडे निनांवी जात असत. बक्षीस तिला मिळालें. निबंधावर नांव असतें तर काय झालें असतें तें वाचकांनींच ठरवावें. कारण ज्या विद्यापीठानें बक्षीस दिलें, त्याच्या वैद्यकीय शाळेंत स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि तो पुढें १९४५ पर्यंत मिळाला नाहीं.

जेकोबी ज्या शाळेंतून १८६४ सालीं डॉक्टर झाली, ती फिलाडेल्फियाची स्त्रियांची वैद्यकीय शाळा होय. एकोणीस वर्षांनीं त्याच शाळेच्या दारांत नऊवारी नेसलेली एक अठरा वर्षांची मुलगी उभी राहिली. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं तेथें पदवी घेतली. प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्ष पुरें होण्याच्या आधींच, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. क्लार्कच्या शिष्याला हें उदाहरण हवेंहवेंसें वाटलें असतें. परंतु क्षयाचा जंतु कॉकनें १८८२ सालींच दाखविला होता, आणि तो पुस्तकांत राहत नाहीं. तो अंधाऱ्या कोंदट खोलींत व अर्धपोटीं देहांत राहतो. त्या काळीं क्षयानें मेलेल्या असंख्य मुलींनीं अक्षरही गिरविलेलें नव्हतें. त्यांचा दोष कोणी चुलीला दिल्याचें मला माहीत नाहीं.

ज्या रीतीनें हा सारा डोलारा खालीं आला ती रीतही पाहण्यासारखी आहे, कारण तींत वक्तृत्व मुळींच नाहीं. लंडनमध्यें कार्ल पीअर्सनच्या हाताखालीं ॲलिस ली नांवाची एक गणिती काम करीत असे. जिवंत माणसाच्या डोक्याचीं बाहेरचीं मापें घेऊन आंतील पोकळी काढण्याचें सूत्र तिनें बसविलें आणि तें तीन गटांना लावलें: १८९८ सालीं डब्लिनच्या सभेस जमलेले ३५ शरीरशास्त्रज्ञ, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे २५ अध्यापक, आणि बेडफर्ड कॉलेजच्या ३० विद्यार्थिनी. मग त्या पंडितांची आकारमानाप्रमाणें नांवानिशीं यादी तिनें छापली. कवट्यांवर ज्यांचा अधिकार जगानें मानलेला, त्यांपैकीं कांहींजण यादीच्या तळाशीं आले. आणि विद्यार्थिनींपैकीं कित्येकींचीं डोकीं त्या अध्यापकांहून मोठीं भरलीं. आतां पंडितांना दोनच वाटा उरल्या: आपण मंद आहोंत असें कबूल करणें, अथवा डोक्याच्या मापावरून बुद्धि ठरत नाहीं असें म्हणणें. १९०१ सालीं निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर कवटीच्या आकारावर जोरानें बोलण्याची इच्छा पुष्कळांची ओसरली.

दुसरें उदाहरण बाल्टिमोरच्या फ्रँकलिन मॉलचें. त्याच्या एका शिष्यानें गोऱ्या व काळ्या लोकांच्या, तसेच स्त्रीपुरुषांच्या मेंदूंत मोठे भेद आढळल्याचें १९०६ सालीं जाहीर केलें. मॉलनें तेच मेंदू घेतले. पण कोणता मेंदू कोणाचा ही माहिती स्वतःपासून लपवून ठेवली, आणि मग मापें घेतलीं. १९०९ सालीं त्यानें लिहिलें कीं भेद दिसत नाहींत. किती साधी युक्ति! मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावयाची नाहीं. फक्त चिठ्ठी उलटी करून ठेवावयाची. आपल्या मनाचा आपल्यालाच भरवंसा नाहीं अशी कबुली या युक्तींत आहे. ब्रोकाजवळ सर्व कांहीं होतें, ही कबुली तेवढी नव्हती.

येथें कोणी म्हणेल कीं, परक्या देशांतील मेलेल्या पंडितांचा हा पाढा आम्हांस कशाला? पण सुशिक्षित घरांत जरा कान देऊन बसावें. मुलगा गणितांत नापास झाला कीं बाप म्हणतो, लेकानें अभ्यास केला नाहीं. मुलगी नापास झाली कीं तोच बाप, तितक्याच मायेनें, म्हणतो, तिला गणित झेंपत नाहीं, दुसरा विषय घेऊं दे. मुलाच्या अपयशांतून वय, आजारपण, वाईट संगत, मास्तरांचा राग, सर्व वजा केलें जातें. मुलीच्या अपयशांतून कांहींच वजा होत नाहीं. उलट बाजूही तशीच: मुलगा पहिला आला तर हुशार, मुलगी पहिली आली तर कष्टाळू. जर्मनांच्या मेंदूला एक हिशेब आणि स्त्रियांच्या मेंदूला दुसरा, तो हाच. आणि हा बाप लेकीवर माया करीत नाहीं असें कोण म्हणेल? ब्रोकानेंही ब्रेसबाईंना दाखला दिलाच होता.

याहून एक खोल प्रश्न राहतोच. समजा, हिशेब नीट करून, चिठ्ठ्या उलट्या ठेवून, खरोखरच कांहीं सरासरी फरक निघाला, तर? मला वाटतें, हा प्रश्न टाळणारे स्त्रियांचे कैवारी आपली बाजू दुबळी करतात. आजच्या यंत्रांनीं जिवंत मेंदू पाहतां येतो. पुरुषाचा मेंदू सरासरीनें शेंकडा दहाच्या आसपास मोठा असतो ही गोष्ट अजूनही खरीच आहे, आणि बुद्धिमापनाच्या कसोट्यांत एकंदरीनें स्त्रीपुरुष सारखेच उतरतात हीही खरी आहे. पण उद्या एखाद्या कसोटींत चारदोन गुणांचा फरक निघाला, म्हणून काय होणार? मुलाला शाळेंत घेतांना त्याचें डोकें कोणी तोलून पाहिलें आहे? मंद मुलाच्या बापानें फी भरली तर त्याला वर्गांत बसूं देतात. मग हुशार मुलीनें, तिच्या जातीची सरासरी कमी आहे या कारणास्तव, बाहेर कां उभें राहावें? जॉन स्टुअर्ट मिल यानें १८६९ सालींच दाखवून दिलें होतें कीं, जी गोष्ट स्त्रियांना निसर्गतः करतां येणार नाहीं ती करण्यास त्यांना बंदी घालणें निरर्थक आहे. बंदी घालावी लागते, यावरूनच बंदी घालणाराची खात्री नाहीं हें उघड होतें. शाळेंत येण्याचा हक्क हा बुद्धीच्या बरोबरीवर टांगलेला नाहीं, आणि तो तसा टांगूं देणें हीच मूळची चूक.

वजनाचा वाद मिटला तरी संवय मिटली नाहीं. पुरुषांत गुणांचा पसारा अधिक असतो, म्हणून अलौकिक बुद्धिमान् व अगदीं जडबुद्धि हे दोन्ही पुरुषांतच अधिक निपजतात, असें एक मत पुढें निघालें. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईनें १९१४ सालीं एका सहकारिणीबरोबर एक हजार मुलगे व एक हजार मुली, जन्मतःच, मोजून पाहिल्या. मुलग्यांत अधिक पसारा आढळला नाहीं. मतिमंदांच्या संस्थांत पुरुष अधिक कां, याचाही तिनें शोध केला. तेथें आणलेल्या स्त्रिया वयानें मोठ्या असत. कारण मंद मुलगा मिळवावयास निघाला कीं लागलीच उघडा पडतो, पण मंद मुलगी भांडीं घांसते, पोरें सांभाळते, आणि म्हणून तिला घरांतून बाहेर काढण्याची कोणाला घाई नसते. मला या सबंध इतिहासांतील सर्वांत मर्मभेदक वाक्यें या शोधांत सांपडतात. तरीही २००५ सालीं हार्वर्डच्या तत्कालीन अध्यक्षांनीं तेंच पसाऱ्याचें मत, विज्ञानांत वरच्या जागांवर स्त्रिया कमी कां याचें एक कारण म्हणून, पुनः सभेंत मांडलें. कांहीं कसोट्यांत असा पसारा दिसतो हें खरें. पण देशाप्रमाणें व काळाप्रमाणें तो कमीअधिक होतो, हेंही तितकेंच खरें, आणि हें दुसरें सत्य सांगण्याची आठवण फार थोड्यांना राहते.

शेवटीं एक गोष्ट आपल्याकडची. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्यांच्या सूनबाई इरावतीबाई पुढें बर्लिनला मानववंशशास्त्र शिकावयास गेल्या. तेथील गुरु ऑयगेन फिशर. युरोपीय लोकांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, व या विषमतेशीं त्या वंशाच्या श्रेष्ठ विचारशक्तीचा संबंध असावा, असा त्याचा अंदाज. आणि तो पडताळण्याचें काम या विद्यार्थिनीकडे आलें. परका देश, परकी भाषा, नांवाजलेला गुरु, आणि पदवी त्याच्याच हातीं. सोयीचा निष्कर्ष कोणता हें वेगळें सांगण्याची गरज नव्हती. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. विषमता सर्वच वंशांत होती. वंशाशीं तिचा मेळ बसत नव्हता. प्रबंधांत त्यांनीं तसेंच लिहिलें. १९३० सालीं पदवी घेऊन त्या परत आल्या, आणि पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत राहून महाराष्ट्रांतील जातीजमातींचीं मापें घेत वर्षानुवर्षें हिंडल्या. मोजण्याचीं हत्यारें त्यांनीं टाकून दिलीं नाहींत.